शेजारच्या मुलीचं कौतुक

डॉर्कस फ्रिपला हेवा करण्याचा साठ वर्षांचा अनुभव होता, आणि या कामात बॅरो बेटावर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बेट साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याला जेमतेम चिकटलेलं. एक पूल, पुलापलीकडे हमरस्ता, आणि हमरस्त्याच्या कडेला फळकुटं ठोकून केलेल्या दोन टपऱ्या. एक डॉर्कसची, एक लुवेनिया चिझमची. मध्ये वीस पावलांचं अंतर, बेटावरच्या त्यांच्या घरांमध्ये होतं तेवढंच. दोघी सुगंधी गवताच्या टोपल्या शिवून विकायच्या. दोघी अडुसष्ट वर्षांच्या, दोघी विधवा, दोघींच्या आया शेजारणी आणि आज्याही शेजारणी. इतक्या सारखेपणात हेव्याला जागा कुठे उरते, असं एखाद्याला वाटेल. पण हेव्याला फार जागा लागत नाही. वीस पावलं पुरतात.

गाडी थांबली की लुवेनिया उठून उभी राहायची, "या, हात लावून बघा," म्हणायची. डॉर्कस मान खाली घालून शिवत बसायची. चमच्याचा दांडा घासून केलेली तिची आरी गवताच्या वेढ्यात खुपसत राहायची. मग गाडीवाले लुवेनियाकडेच का गेले, या प्रश्नावर तिचा उरलेला दिवस आरामात जायचा. खरं तर बेटावर सगळ्यांत चांगल्या टोपल्या तिच्याच होत्या. बूड सपाट, वेढे एकसारखे, झाकण असं बसायचं की उघडताना दोन हात लागावेत. हे सगळ्यांना माहीत होतं, लुवेनियालाही. फक्त एखाद्या गिऱ्हाइकाने टोपली उचलून "वा!" म्हटलं, की डॉर्कस लगेच म्हणायची, "तिचं बूड कच्चं आहे, बाई. फार दिवस टिकायची नाही. त्या पलीकडच्या बाईच्या बघा, हात आहे तिला." गिऱ्हाईक पलीकडे जायचं आणि डॉर्कस दातओठ खायची. दोन्ही कामं ती मनापासून करायची.

सत्त्याऐंशी साली या हेव्याला छापील पुरावा मिळाला. शिकागोच्या इमोजीन वूड्स नावाच्या लेखिकेने कादंबरी लिहिली, तीही याच बेटावरची, गुलामीच्या काळातली. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की चार पिढ्यांपूर्वीची जखम आजही कशी ओली आहे, ते या पुस्तकात दिसतं. बेटावर चर्चा झाली ती मुखपृष्ठाची. मुखपृष्ठावर टोपली होती, आणि ती लुवेनियाची होती. पाद्रीबाईंनी पुस्तक चर्चच्या दालनात सगळ्यांना दिसेल असं उभं करून ठेवलं. डॉर्कस आत आली की जाता जाता ते पालथं घालायची. "बूड वाकडं आहे," एवढंच तिने त्या कादंबरीविषयी मत दिलं. आतलं एक पान तिने उघडलं नव्हतं, आणि त्यामुळे मत ठाम राहायला मदतच झाली.

यात सर्वांत जास्त झोंबणारी गोष्ट ही, की त्या लेखिकेची गाडी आधी डॉर्कसच्याच ओसरीपुढे थांबली होती.

पुस्तक येण्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. बाई तरुण, काळी, आपल्यातलीच. पण गाडीला उत्तरेकडची नंबरपट्टी आणि हातात कागद. डॉर्कसच्या घरात एक रीत होती. हातात कागद घेऊन आलेल्या परक्या माणसाला खरं सांगायचं नाही. का, ते तिला ठाऊक नव्हतं. तिच्या आईनेही ते कधी सांगितलं नव्हतं. विस्तवात हात घालू नये, तसंच हे.

"मावशी, तुमच्या घरातल्या जुन्या गोष्टी ऐकायला आलेय," बाई म्हणाली. "गुलामीच्या काळातल्या."

"आमच्या घरात गोष्टी नाहीत. आमची माणसं मुकी."

"सगळीच?"

"एक बोलायचा. तो वेडा होता."

बाई हसली, पण पायरीवरून हलेना. कागद हातातच. तेव्हा डॉर्कसने आरीनेच शेजारच्या घराकडे खूण केली. "तिथे जा. लुवेनिया चिझम. तिला सगळं आठवतं, आणि सांगते पण अशी, की बेटावर तशी दुसरी नाही. मध आहे बाईच्या तोंडात."

बाई गेली. शेजारच्या घरी सात आठवडे राहिली. डॉर्कस आपल्या ओसरीवरून ते सात आठवडे मोजत होती.

हे असं कौतुक मूळचं तिच्या आईचं. तिच्या लहानपणी दारात कोणी आलं, बेटावर भात मोजायला येणारा गोरा कारकून असो की देवीची लस टोचणारी नर्स, आई डॉर्कसला आपल्यामागे ढकलायची आणि सांगायची, "ही आमची डॉर्कस. डोक्याने मंद आहे. डाव्या हातात जोर नाही. हिच्यावर कशाला वेळ घालवता?" आणि लगेच कुंपणापलीकडे बोट करायची. "ती बघा लुवेनिया! सात वर्षांची पोर, पण काय टोपली शिवते! काय दात, काय दंड!"

त्यावर लुवेनिया काठीसारखी ताठ उभी राहायची आणि पाठ केलेली प्रार्थना म्हणावी तसं म्हणायची, "नाही मावशी. मी अंथरूण ओलं करते. मला फिट येते."

मोठी माणसं पोट धरून हसायची. डॉर्कसला मात्र हा ढोंगीपणाचा कळस वाटायचा. लुवेनिया अंथरूण ओलं करत नाही हे तिला अगदी जवळून माहीत होतं. आषाढातल्यासारखा मोठा पाऊस लागला की दोघी एकाच गोधडीत झोपत. एवढं कौतुक व्हायचं आणि वर ही बया ते नाकारायची! देवाने दिलेलं दान उकिरड्यावर टाकल्यासारखं. आईने आपल्याविषयी त्यातला एक शब्द उच्चारला असता, तर डॉर्कस तो गोधडीत घेऊन झोपली असती.

घरात दुसरं कोणी नसलं की आई भांड्याच्या तळाची खरपुडी डॉर्कसच्या ताटात घालायची, तासन्‌तास तिचे केस विंचरायची. पण बोलायची नाही. आणि डॉर्कसला खरपुडी नको होती, शब्द हवा होता.

पुढे डॉर्कसला एकच मुलगी झाली, व्हर्नेल. पोर इतकी हुशार, की बेटावरच्या शाळेतल्या मास्तरांना तिला काय शिकवावं हा प्रश्न पडला. बासष्ट साली उत्तरेकडच्या एका मिशनचा गोरा माणूस मोटारीतून आला. बेटावरच्या एका मुलीला कॉलेजात पाठवायचं होतं, राहण्याखाण्यासकट. मास्तरांनी नाव दिलं होतं. तो ओसरीवर उभा राहिला, टोपी एका हातात, कागद दुसऱ्यात.

"तुमची मुलगी फार हुशार आहे असं ऐकतो."

डॉर्कसने ऐकलं ते स्वतःचंच बोलणं, आणि ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. "कोण, व्हर्नेल? डोक्याने मंद आहे हो. फिट येते. डाव्या हातात जोर नाही. घरापासून लांब टिकायची नाही."

त्याने कागदावर काहीतरी खोडलं. दाराआड व्हर्नेल उभी होती. ती काही बोलली नाही, या घराण्यात बोलायची पद्धतच नव्हती. महिन्याभरात ती फिलाडेल्फियाच्या बसमध्ये बसली. लादी पुसत पुसत तिने नर्सचं शिक्षण पुरं केलं आणि आज एका मोठ्या रुग्णालयात चाळीस नर्सांवर हुकूम चालवत होती. शेवटची आली ती बापाच्या मयतीला, अकरा वर्षांपूर्वी. तेव्हाही दफनभूमीत, बेटाच्या रीतीप्रमाणे बापाचा फुटका कप त्याच्या थडग्यावर ठेवून, तिथूनच परत गेली.

आणि आता, अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात, ती येत होती. इमोजीन वूड्स चर्चच्या दालनात कादंबरीतला भाग वाचून दाखवणार होती म्हणून. पत्र लुवेनियाला आलं होतं.

लुवेनिया पत्र घेऊन वीस पावलं चालून आली. "माझ्याकडे उतरू का, विचारतेय. मी काय लिहू?"

"उतरू दे की," डॉर्कस गवताचा वेढा आवळत म्हणाली. "तुझं घर मोठं आहे."

दोन्ही घरांत दोनच खोल्या होत्या.

"तू बोलाव ना तिला."

"माझ्याकडे पुस्तकवाली माणसं येत नाहीत."

"पुस्तकवाली कुठे? तुझी पोर आहे ती."

"तिने पत्र कोणाला लिहिलंय? नाव वाच वरचं."

लुवेनियाने नाव वाचलं नाही. पत्राची घडी करून कमरेला खोचलं आणि गेली. डॉर्कसच्या हातातला वेढा इतका आवळला गेला होता, की ती टोपली पुढे कोणालाही झाकण उघडता न आल्यामुळे विकली गेली नाही.

शुक्रवारी दुपारी व्हर्नेल बसमधून उतरली आणि बॅग घेऊन शेजारच्या घरात गेली. रविवारी दुपारच्या बसने परत जाणार, ही बातमी डॉर्कसला चर्चच्या तीन बायकांनी वेगवेगळी सांगितली. तिघींनीही, तिला कळलंच असेल, अशी सुरुवात करून. संध्याकाळी शेजारच्या ओसरीवर दोघी कोळंबी सोलत बसल्या. लुवेनिया काहीतरी म्हणाली आणि व्हर्नेल हसली. पोटातून, डोकं मागे टाकून. आपली मुलगी असं हसते, हे डॉर्कसला त्रेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. ती घरात गेली, एक चाळणी शोधली आणि उसनी आणलेली परत करायला म्हणून कुंपणापाशी गेली.

"ही तुझी चाळणी."

"माझी कुठे?" लुवेनिया म्हणाली. "ही तुझीच. तुझ्या सासूची होती."

"मग राहू दे," डॉर्कस म्हणाली आणि चाळणी घेऊन परत आली. जाताना मुलीकडे तिने ओझरतं पाहिलं. व्हर्नेल कोळंबीकडे पाहत होती. तिचे हात झपाझप चालत होते. उजवा नि डावा, दोन्ही सारखे.

शनिवारी तीन वाजता दालन भरलं. बेट होतंच, शिवाय चार्ल्स्टनहून हॅट घातलेल्या गोऱ्या बायका आल्या होत्या. पुढच्या बाकावर मानाच्या जागी लुवेनिया, तिच्या शेजारी व्हर्नेल. डॉर्कस शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसली. तिथून लुवेनियाच्या नव्या हॅटची मागची बाजू दिसत होती आणि ती शिवणीत उसवली होती. एवढ्यावर तास काढायचा तिचा बेत होता.

इमोजीन वूड्सने चष्मा लावला आणि वाचायला लागली. आवाज साधा, चढउतार नाही.

गुलामांचा दलाल मळ्याच्या अंगणात येतो. हातात कागद. चुलीपाशी बसलेली आई त्याला पाहते, मूठभर राख घेऊन अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडाला फासते आणि तिला आपल्यामागे ढकलते. म्हणते, मालक, ही डोक्याने मंद आहे. अंथरूण ओलं करते. फिट येते हिला. डाव्या हातात जोर नाही. दलाल तरीही मुलीचा जबडा उघडून दात बघतो. तेव्हा आई विहिरीकडे बोट करते. ती पोर बघा, मालक. काय दात, काय दंड! एवढीशी आहे, पण बाईमाणसासारखी टोपली शिवते. विहिरीवरची पोर आपलं कौतुक ऐकून लाजते, हसते. दिवस मावळायच्या आत ती दलालाच्या गाडीत असते.

हॅटवाल्या बायकांनी रुमाल काढले. बेटावरची माणसं पंखे हलवत होती, ते थांबले. डॉर्कसला तिच्या आईचा आवाज ऐकू आला. मग सात वर्षांच्या लुवेनियाचा. मग ओसरीवर मिशनच्या माणसासमोर उभ्या असलेल्या स्वतःचा. तिन्ही आवाज तेच शब्द बोलत होते. पुढच्या बाकावर व्हर्नेलने मान वळवली आणि दोन दिवसांत, किंवा अकरा वर्षांत, कसंही मोजा, पहिल्यांदा आईकडे सरळ पाहिलं.

डॉर्कस उठली. बाक करकरला. ती बाहेर हातपंपापाशी जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळाने लुवेनिया पुठ्ठ्याचा पंखा हलवत आली.

"उन्हात उभी राहू नकोस. फिट येईल."

डॉर्कस हसली नाही. "राख फासणारी कोण?"

"तुझी खापरपणजी."

"आणि विहिरीवरची?"

"माझ्या पणजोबांची बहीण. ते तेव्हा सहा वर्षांचे. फाटकापर्यंत गाडीमागे पळाले म्हणतात."

"तुला केव्हापासून माहीत आहे हे?"

"बोलायला यायच्या आधीपासून. आमच्यात पोराला देवाचं नाव नंतर शिकवतात, आधी हे. तुमच्या घरातल्या बाईने कौतुक केलं, की लगेच सांगायचं, मी अंथरूण ओलं करते, मला फिट येते. त्या शब्दांनी एक पोर वाचली होती ना. म्हणजे औषध लागू पडलेलं."

"माझी आई चार माणसांत तुला डोक्यावर घ्यायची."

"तुझी आई दिसली की मी ओठ मिटून घ्यायचे, डॉर्कस. ती माझे दात मोजायची."

पंपाच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं. डॉर्कसने ते उगाचच हाताने अडवलं.

"मला वाटायचं, तू तिची लाडकी."

"आणि मला वाटायचं तू. कुत्रं विचारणार नाही असं तुझं वर्णन करायची ती. का, तर तुला कोणी नेऊ नये. मला नेलं तर नेलं! माझी आई बिचारी मला बरंही म्हणायची नाही आणि वाईटही म्हणायची नाही. तिला वाटायचं, पोराबद्दल काहीही बोललं की कोणीतरी ऐकतं. मी रात्री पडल्या पडल्या म्हणायचे, देवा, मला एकदा कोणीतरी मंद म्हणू दे."

"साठ वर्षं जळले मी तुझ्यावर."

"कळत होतं ना. वीस पावलांवर होते, धग लागायची." लुवेनियाने पंखा दुसऱ्या हातात घेतला. "बरं, या शिकागोच्या बाईला माझ्याकडे कोणी धाडलं?"

"तिच्या हातात कागद होता."

"आणि माझं कौतुक केलंस. मध आहे तोंडात, म्हणालीस. तिने दारात उभं राहून जसंच्या तसं सांगितलं मला. म्हटलं, झालं, आता मला गाडीत घालणार. मी तिला पहिलं वाक्य काय म्हटलं असेल?"

"अंथरूण?"

"पासष्ट वर्षांची म्हातारी मी! पण सवय. तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, हे काय म्हणालात? तिथून सगळी कादंबरी निघाली. तूच धाडलीस. आणि मी गेलेच बघ विकली, मुखपृष्ठावर."

डॉर्कसला आता माफी मागायला हवी होती. कोणाच्या वतीने आणि कोणाजवळ, याचा हिशेब लागेना. तिने दुसरंच विचारलं. "तिचं नाव काय होतं? त्या पोरीचं. आत त्या बाईने रूथ वाचलं."

"ते बाईने ठेवलं. खरं मी दिलं नाही. सगळं दिलं, तेवढं घरात ठेवलंय."

"मला सांग."

"तुला?" लुवेनियाने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला सांगितलं, तर तू तिचं कौतुक करशील."

लुवेनियाकडे आणखी एक वस्तू आहे आणि आपल्याकडे ती नाही, हे अशा वेळीही डॉर्कसच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आलं याची तिला थोडी लाज वाटली. थोडीच.

"माझ्या घरात एक बॅग पडलीय," लुवेनिया म्हणाली. "उद्या दुपारी बस आहे. नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नकोस." आणि ती आत गेली, कारण चवळीभात तिच्या ताब्यात होता.

आत टेबलं मांडली होती. लाल भात, चवळीभात, खेकडे, तळलेला मासा, मक्याची भाकर. डॉर्कस सरळ मुलीपाशी गेली. आज चार माणसांत एक शब्द बोलायचा, एकच, चांगला, असं तिने पंपापासून दारापर्यंत ठरवलं होतं. शब्दही ठरला होता. व्हर्नेलच्या हातात ताट होतं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि तेवढ्यात हॅटवाल्यांपैकी एक बाई मध्ये आली. चेहरा भला, डोळे अजून ओले.

"या तुमच्या कन्या का? आत्ताच कळलं, फिलाडेल्फियात मुख्य परिचारिका आहेत म्हणे! किती अभिमान वाटत असेल तुम्हाला!"

बाईच्या हातात कार्यक्रमाचा कागद होता.

डॉर्कसने ठरवलेला शब्द जिभेपर्यंत आणला. तो तिथे आहे हे तिला स्पष्ट जाणवत होतं. टेबलापलीकडे लुवेनियाचा डाव भातात थांबला. बेटावरची आजूबाजूची माणसंही थांबली. त्यांना काय होणार हे माहीत होतं, फक्त ऐकायचं होतं.

"ही?" डॉर्कस म्हणाली. "अंथरूण ओलं करते ही, बाई."

डॉर्कसने डोळे मिटले. आता ताट टेबलावर ठेवल्याचा आवाज होईल, मग पावलांचा, मग बसचा.

ताट ठेवल्याचा आवाज झाला.

"खरं आहे, मॅडम," व्हर्नेल म्हणाली. "आणि मला फिट पण येते." तिने डावा हात मनगटातून लुळा सोडून त्या बाईपुढे धरला. "यात तर जोरच नाही. माझ्यावर कशाला वेळ घालवता?"

तिचा आवाज अर्ध्यात फाटला. हसण्याने की कशाने, ते सांगता आलं नसतं. बाई म्हणाली, "अरेरे, माफ करा, मला कल्पना नव्हती," आणि कागद घेऊन मागे सरकली. पलीकडे लुवेनिया डाव हातात धरून खुर्चीवर बसली आणि हसता हसता तिची हॅट पडली. डॉर्कसने मुलीचा लुळा हात धरला आणि तो चांगला भक्कम आहे का, हे दाबून पाहिलं.

संध्याकाळी व्हर्नेल बॅग घेऊन वीस पावलं चालून आली. डॉर्कसने लाल भात टाकला होता, कोळंबी घालून. मुलगी बसल्यावर तिने दार लावलं, कडी घातली. मग एकेक करून खिडक्यांच्या निळ्या झडपा ओढून घेतल्या. तो निळा रंग भुतं आत येऊ नयेत म्हणून असतो; माणसांसाठी झडपा लागतात. रस्त्यावर कोणी नाही हे फटीतून दोनदा बघून ती चुलीपाशी आली आणि भांड्याकडे तोंड करून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली,

"तू शाळेत सगळ्यांत हुशार होतीस. मला माहीत होतं. त्या मिशनवाल्यालाही माहीत होतं, म्हणून तर."



"सव्वीस वर्षं उशीर झाला, आई."

"हो."

"मी लाद्या पुसल्यात. सहा वर्षं."

"हो," डॉर्कस म्हणाली. आणखी काय म्हणायचं, ते या घरात कोणी शिकवलं नव्हतं. तिने भांड्याचा तळ खरवडला आणि सगळी खरपुडी मुलीच्या ताटात घातली. व्हर्नेलने ताटाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि खायला लागली. बसचा विषय दोघींनी काढला नाही; रविवारची होती, सोमवारचीही होती.

दोन घास झाल्यावर डॉर्कसला राहवलं नाही.

"काल लुवेनियाकडे काय होतं जेवायला?"

"चवळीभात."

"कसा झाला होता?"

व्हर्नेलने चमचा खाली ठेवला. तिने आईकडे असं पाहिलं, जसं नर्स तापाचा काटा बघते.

"खारट," ती म्हणाली. "अगदी खारट, आई. गिळवेना."

लुवेनियाचा चवळीभात आजवर एकदाही खारट झालेला नाही, हे डॉर्कसला बेटावर कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. साठ वर्षं ती त्या खारटपणाची वाट पाहत होती. पोर आपल्यासाठी खोटं बोलतेय, शब्द न अडखळता, घराण्याला शोभेल असं, हेही तिला कळलं.

ती उठली, लुवेनियाच्या घराकडची झडप तिने सताड उघडली आणि परत येऊन बसली.

"काय म्हणालीस?" तिने विचारलं. "जरा मोठ्याने सांग."